मुलांना चंद्राच्या कला शिकवताय? आधी बॉल घ्या

पहिल्यांदाच शिकवताय ना, मग तक्ता पाठ करून घेऊ नका प्लीज. खोलीत अंधार करा, एक बल्ब लावा, पोराच्या हातात पांढरा बॉल द्या आणि हात लांब करून, बॉल डोक्यापेक्षा जरा वर धरून, त्याला डावीकडे हळूहळू गोल फिरायला सांगा. बल्ब म्हणजे सूर्य, त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड असताना बॉल काळा दिसतो, ती अमावस्या, पाव फेरी झाली की उजवी अर्धी बाजू उजळते, ती शुद्ध अष्टमी, आणि बल्बकडे पाठ केली की पौर्णिमा.

एक चूक हमखास होते, पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात असं मुलं धरून बसतात, मोठेसुद्धा! सावली फक्त चंद्रग्रहणात पडते हो, बॉल मुद्दाम खाली घेऊन डोक्याची सावली पाडून दाखवा, लगेच पटतं.

मग महिनाभर रोज गच्चीवर न्या, वहीत चित्र काढू दे. पूर्ण चक्र साधारण 29.5 दिवसांचं. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून तर संकष्टीला आजी जेवायची थांबलेली असते. आणि वद्य अष्टमीनंतर सकाळी शाळेत जाताना वर बघायला सांगा, दिवसाढवळ्या चंद्र दिसला की पोरं काय खूश होतात!