मियाझाकी आणि पांढरी नागीण

प्रश्न: जपानी अॅनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी लहानपणी एक कार्टून पिक्चर बघून या लाइनमध्ये आला असं माझा भाऊ सांगतो, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय. लहानपणी नाही हो, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता तो, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाचा. पिक्चर तोएई या जपानी स्टुडिओचा ‘हाकुजादेन’, 1958 चा, जपानची पहिली रंगीत फुल लेंथ अॅनिमेशन फिल्म. गोष्ट चिनी दंतकथेतली, पांढरी नागीण बाईचं रूप घेते आणि माणसाच्या प्रेमात पडते, आणि इकडे आमचा मियाझाकी चक्क त्या हिरॉइनच्याच प्रेमात पडला, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय! गंमत म्हणजे तो पिक्चर स्वस्तातला मेलोड्रामा वाटतो हेही त्यानंच लिहिलंय. पण म्हणून लगेच पेन्सिल घेऊन धावला वगैरे नाही, आधी राज्यशास्त्र-अर्थशास्त्रात डिग्री घेतली मग 1963 ला तोएईतच लागला, इन-बिटवीनर म्हणून, म्हणजे दोन मेन पोझच्या मधली चित्रं काढत बसायचं, हमालीच ती. तिथं मन उडायला लागलं तेव्हा त्याला सावरलं ते रशियन ‘स्नो क्वीन’नं, तीही अॅनिमेशन फिल्मच, 1957 ची. भावाला तीही दाखवा.