सारख्याच आकाराचं कार्ड, तरी जागा पुरेना

प्रश्न : आमच्या चाळीच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी आणि देवघेव रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणकावर चालते, त्यात बुल्सआय ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. आता पाय 4 घेतलाय. लॅपटॉपवर 'डीडी' (dd) या नक्कल करणाऱ्या आज्ञेने जुन्या 32 जीबी कार्डाची नव्या 32 जीबी कार्डावर नक्कल करत होतो. बराच वेळ चालून अगदी शेवटी जागा संपल्याचा संदेश आला! सगळं नव्याने बसवायचं का? जुना पायही राखीव ठेवायचा आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नव्याने काहीही बसवू नका. कार्डावरचा 32 हा ढोबळ आकडा असतो. कंपनी बदलली, की प्रत्यक्षातल्या बाइट्स थोड्याफार कमीजास्त होतात. 'डीडी' रिकामी जागासुद्धा जशीच्या तशी उतरवते, त्यामुळे नवं कार्ड जरासं लहान असलं तरी शेवटचा तुकडा बाहेर राहतो. 'एलएसबीएलके -बी' (lsblk -b) ही आज्ञा चालवलीत की दोन्ही कार्डांचे खरे आकडे दिसतील.

पाय 3 च्या डेस्कटॉपवर अ‍ॅक्सेसरीजमध्ये 'एसडी कार्ड कॉपिअर' आहे, ते वापरा. ते फाइली उतरवतं, रिकामी जागा नाही. त्यामुळे मजकूर मावत असेल तर लहान कार्डही चालतं. नवं कार्ड यूएसबी रीडरमध्ये घाला आणि नवे पार्टिशन यूयूआयडी (कार्डाच्या प्रत्येक भागाचा ओळख क्रमांक) देण्याच्या चौकटीत खूण करा, म्हणजे दोन्ही कार्डं एकाच यंत्राला लावली तरी घोटाळा होणार नाही. त्याआधी 'एप्ट' (apt) या प्रोग्राम अद्ययावत करणाऱ्या आज्ञेने जुन्या पायवर पूर्ण अपग्रेड करा. आणि हे विसरू नका : देवघेवीचा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस बंद करूनच नक्कल घ्या. मी एकदा घाईत चालू डेटाबेसची नक्कल घेतली होती, त्यात त्या दिवसाच्या नोंदी अर्धवट उतरल्या आणि त्या रजिस्टरवरून पुन्हा भराव्या लागल्या.

बुल्सआयमध्ये पाय 3 आणि पाय 4, दोन्हींसाठी लागणाऱ्या फाइली असतात, म्हणून हे कार्ड तुमच्या नव्या बोर्डावर सुरू होईल. पाय 5 घेतला असतात तर मी नव्याने बसवायलाच सांगितलं असतं, कारण त्याला बुल्सआयनंतरची बुकवर्म ही आवृत्ती किंवा त्यापुढचं लागतं. पाय 4 ला टाइप-सी अडॅप्टर द्या, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा. स्क्रीनची मायक्रो-एचडीएमआय केबल वीजपुरवठ्याच्या शेजारच्या सॉकेटात लावा. नव्या बोर्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा यंत्राचा ओळख क्रमांक) वेगळा, म्हणून राउटरमध्ये जुन्याच्या नावे आयपी पत्ता बांधून ठेवला असेल तर तोही बदला.

राखीव पायबद्दल मात्र माझं ठाम मत आहे : तो बंद ठेवा. दोन्ही चालू राहिले तर एकाच वाचनालयाची दोन रजिस्टरं होतील. एका ठिकाणी परत आलेलं पुस्तक दुसरीकडे थकीत दिसेल आणि निष्पाप सभासदाकडून दंड वसूल होईल. शिवाय नक्कल केलेल्या यंत्राचं नाव आणि एसएसएच चाव्याही (दुरून जोडताना यंत्राची ओळख पटवणाऱ्या) सारख्याच असतात. तो चालवायचाच असेल, तर निदान नाव आणि चाव्या बदला.

नवं कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलं असेल, तर भरण्याआधी एफथ्री (F3) या कार्डाची खरी जागा तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण तपासा. 64 छापलेलं आणि प्रत्यक्षात 8 जीबीचं निघालेलं कार्ड मी हातात धरलंय. जुनं कार्ड पुसू नका. पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि नव्यावर महिनाभर देवघेव सुरळीत चालेपर्यंत कपाटात राहू द्या.