उपचाराची तारीख मिळेपर्यंत एवढं करा

दादा, बायोप्सीच्या कागदावर तोंडा-घशाचा कॅन्सर वाचून माझेही हातपाय गळाले होते. पण हे दिवस नुसते झुरण्यात घालवू नका.

आधी दात. रेडिएशन ठरत असेल तर त्याआधीच दंतवैद्याला दाखवा. खराब दात आत्ताच काढलेला बरा, नंतर जबड्याची जखम भरता भरत नाही. मी टाळत होतो. बायकोने नौपाड्यातल्या दवाखान्यात धरून नेलं!

वजन टिकवा. तूपभात, अंडी, खीर, जे उतरेल ते. काढ्यांपायी उपचार लांबवू नका. तंबाखू, दारू आजच बंद.

खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, जाणार असाल तर सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, सोबत लिहून घेणारं माणूस न्या. गिळण्याचे व्यायाम आत्ताच विचारा.

श्वास अडकला किंवा रक्त आलं तर तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा. जेवणाच्या नळीचं, रेडिएशनच्या मास्कचं नंतर बोलू.