तिसऱ्या कवचात १० जागा रिकाम्या, तरी आर्गन शांत कसा?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये शिकवलं की शेवटचं कवच (केंद्राभोवतीचा इलेक्ट्रॉनचा थर) पूर्ण भरलं की अणू स्थिर होतो. पण तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात असंही पुस्तकात आहे, आणि आर्गनकडे तिथे फक्त ८ आहेत. मग ते भरलेलं कसं? बाबा वागळे इस्टेटला एका शॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करतात, म्हणून हाच गॅस डोक्यात आला. (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : अगं, बरोबर जागी बोट ठेवलंस. "कवच भरलं की स्थिर" हे हीलियम आणि निऑनपुरतं तंतोतंत खरं आहे, आर्गनपासून पुढे ते वाक्य अपुरं पडतं, आणि शिकवताना हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कवच म्हणजे एकच मोठी खोली नाही, त्यात उपकवचं असतात. तिसऱ्यात एस मध्ये २, पी मध्ये ६ आणि डी मध्ये १०. आर्गनचे एस आणि पी भरलेत, डी रिकामं आहे, पण ते एनर्जीच्या हिशेबात इतकं वर आहे की पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉनसुद्धा तिकडे न जाता सरळ चौथ्या कवचाच्या एस मध्ये जाऊन बसतो. म्हणजे रिकाम्या जागा मोजून काही कळत नाही, पुढची जागा किती उंचावर आहे ते बघायचं. आर्गनचा इलेक्ट्रॉन वरच्या जागी न्यायला साधारण साडेअकरा इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात, अणूतून पार बाहेर काढायला १५.७६, आणि शेजारच्या पोटॅशियमला फक्त ४.३४!

एवढा फरक का, तर आर्गनच्या केंद्रात १८ प्रोटॉन आहेत आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रापासून नीट झाकू शकत नाहीत, त्यामुळे बाहेरचे आठही घट्ट ओढलेले असतात. पोटॅशियमचा १९ वा मात्र १८ जणांच्या मागे लांब बसलाय, त्याच्यापर्यंत ओढ पोचतेच किती.

आणि "अणूला आठ हवे असतात" हेही डोक्यातून काढ. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ खर्च, क्लोरिनला तो दिल्यावर परत मिळतात ३.६१, म्हणजे नुसती देवाणघेवाण दीड इलेक्ट्रॉन व्होल्टने तोट्यातच आहे. तो तोटा भरून निघतो ते आयन (भार आलेले अणू) एकमेकांना खेचून मिठाचा खडा बनवतात तेव्हा. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर ४७.२९ लागतात, एवढी भरपाई कुठूनच होत नाही, म्हणून तो एकावर थांबतो.

आता बाबांचं काम एकदा लांबून बघ (काळी काच लावूनच हं). आर्क (वेल्डिंगची प्रखर ठिणगी) बंद झाला तरी ते टॉर्च लगेच उचलत नाहीत, काही सेकंद तिथेच धरतात आणि गॅस चालू राहतो, कारण तापून लाल झालेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन मिळाला की जोड काळा पडतो. गंमत अशी की आर्कमध्ये आर्गनचेही इलेक्ट्रॉन सुटतात, त्याशिवाय आर्क पेटणारच नाही, पण थंड होताना तो ते परत घेतो आणि धातूशी नातं जोडत नाही. हवेतला नायट्रोजन मात्र तेवढ्या तापात धातूत मिसळतो. फक्त बंद टाकीत वेल्डिंग असेल तर पंखा लावूनच, आर्गन हवेपेक्षा जड आहे, तळाशी साचतो आणि वासही येत नाही.

राजवायू (हीलियम, निऑन, आर्गन, झेनॉन असे शांत वायू) कधीच बधत नाहीत असंही नाही. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं, तो काढायला १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि झेनॉनचा काढायला १२.१३, म्हणजे जवळपास तेवढेच. झेनॉन आणि ते हेक्साफ्लोराइड एकत्र केले तर खोलीच्या तापमानालाच पिवळसर घन पदार्थ तयार झाला.

प्रश्न : नातवाने व्हिडिओ दाखवला, सोडियम पाण्यात टाकला की भडका उडतो. मग मीठ पाण्यात टाकल्यावर काहीच का होत नाही? (एक आजी, नेरूळ)

उत्तर : आजी, भडका उडवतो तो सोडियमचा ११ वा, सैल इलेक्ट्रॉन. तो पाण्याला मिळतो, हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. मिठातल्या सोडियमने तो आधीच सोडलेला असतो, उरतात १०, निऑनइतकेच. मिठागरांत पाणी आटतं तेव्हा हेच आयन क्लोराइडच्या शेजारी रचून बसतात, आणि तुम्ही डाळीत चिमूटभर टाकलंत की पुन्हा सुटे होतात. तरी तो निऑन नाही बरं का, त्याच्यावर एक धन भार आहे, म्हणून पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आत करून त्याला घेरून बसतात, आणि मीठ विरघळतं ते त्यामुळेच.