प्रार्थनेआधी रागाचं नाव घे

अगं, सासूबाईंचा राग येतो म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय, असं समजू नकोस. मीही कितीतरी वर्षं महिला मंडळात हसून बसायचे आणि घरी मुलांवर ओरडायचे.

बायबलमधल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाचा पहिला अध्याय सावकाश वाच. हन्नाला मूल नव्हतं म्हणून तिची सवत पनिन्ना तिला डिवचायची, हन्ना रडायची, जेवायची नाही. शिलोच्या मंदिरात ती देवापुढे मन मोकळं करत होती, तर एली याजकाला वाटलं, ही प्यायलेली आहे! ती चिडली नाही, गप्पही बसली नाही. मी दुःखी आहे, एवढं नीट सांगितलं. मग जेवली, चेहरा खुलला. तिने देवाकडे मागितलेला मुलगा, शमुवेल, तेव्हा पोटातही नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज ‘शांती दे’ म्हणण्याआधी नेमकं काय लागलं ते देवाला सांग. आणि घरात कुणी हात उगारत असेल तर क्षमेच्या नावाखाली सोसू नकोस, लगेच मला फोन कर.