धूळवाफ पेरणीच्या भाताचा उतारा कॉम्प्युटर आधी सांगेल का?

तुम्ही विचारलंय, की भाताची वाढ आणि उतारा (म्हणजे किती पिकेल ते) आधी सांगणारी कॉम्प्युटर मॉडेल्स आपल्या खानापूर-बेळगाव भागात उपयोगी पडतील का. पडतात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताची माहिती भरून मी तीन हंगाम ओरायझा नावाचं असं एक मॉडेल चालवलंय. पण आपल्याकडे ते कुठं चुकतं हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर पहिल्याच वर्षी तुमचा त्यावरचा विश्वास उडेल.

ओरायझा हे फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि नेदरलँड्समधलं वागेनिंगेन विद्यापीठ यांनी मिळून घडवलेलं मॉडेल. उगवणीपासून कापणीपर्यंत ते रोजचा हिशेब मांडतं: आज ऊब किती मिळाली, ऊन किती पडलं, पानांनी त्यातून किती अन्न केलं, त्यातलं मुळांना, खोडाला आणि लोंबीला किती गेलं. ८ अंशांखाली भात वाढत नाही असं ते धरतं. जुलैच्या झडीत दिवसाची सरासरी २३ अंश असेल, तर त्या दिवशी पिकाच्या खात्यात साधारण १५ अंश जमा. ही जमा ठरावीक आकड्याला पोचली की भात पोटरीत येतो (लोंबी खोडात भरते), मग निसवतो (लोंबी बाहेर पडते), मग पिकतो. हे आकडे जातीगणिक वेगळे.

आता आपली अडचण. मॉडेल तारीख मागतं ती उगवणीची, पेरणीची नाही. तरवा (रोपांचा वाफा) टाकून रोप लावणाऱ्याला याचा फारसा त्रास नाही, भिजवलेलं बी काही दिवसांत वर येतं. आपल्या धूळवाफीत मात्र बी कोरड्या मातीत पडतं आणि पावसाची वाट बघत राहतं. पहिल्या वर्षी मी पेरणीचीच तारीख भरली. त्या साली मृगानं ओढ दिली, उगवण १९ दिवसांनी झाली. मॉडेलनं निसवण जवळजवळ तेवढीच अलीकडे दाखवली. बाबांनी कागद बघून एवढंच विचारलं, "उगवायच्या आधी वाढलं कसं?" तारीख दुरुस्त केल्यावर फरक तीन-चार दिवसांवर आला. तेव्हापासून पहिली हिरवी ओळ दिसली की मी वहीत लिहितो.

जातीचंही तसंच. ओरायझासोबत आयआर ७२ या जातीची तयार फाइल येते. आपण लावतो इंद्रायणी. तिचे आकडे आपल्याच शेतातल्या तारखांवरून बसवावे लागतात, आणि ते एका वर्षाच्या तारखांवर नीट बसत नाहीत. ज्या वर्षाच्या नोंदींवरून आकडे बसवले, त्याच वर्षाचा अंदाज बरोबर आला म्हणून समाधान मानू नका, दुसऱ्या वर्षावर तपासा.

हवामानाचे आकडे नासाच्या पॉवर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तापमानाला ते चालतात. पावसाला नाही, कारण तिथली एक चौकट साधारण ५० किलोमीटरची. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीचा पाऊस आणि बेळगावच्या पूर्वेकडचा पाऊस यात किती अंतर आहे हे तुम्हाला सांगायला नको. साधं पर्जन्यमापक अंगणात लावा, रोज सकाळी ठरल्या वेळी वाचा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ओरायझा ऊन, पाणी आणि नत्र यांचा हिशेब करतं. करपा, गादमाशी, पुरात कुजलेलं रोप त्यात येत नाही. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढून बसतं, तेव्हा मॉडेल मात्र पाणी मुबलक आहे असं समजून चांगलाच उतारा दाखवत राहतं. म्हणून त्याच्या आकड्यावर कर्ज काढू नका किंवा व्यापाऱ्याशी सौदा ठरवू नका. मी त्याचा वापर करतो तो युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यायचा, निसवणीच्या वेळी पाऊस सरलेला असेल का, कापणीला माणसं कधी सांगायची, एवढ्यासाठी. यात ते खरोखर कामाला येतं.

ओरायझा फुकट मिळतं. मागच्या दोन हंगामांच्या उगवण, निसवण आणि कापणीच्या तारखा घरात कुणाला आठवत असतील तर त्या आजच विचारून घ्या.