बाण कुठून निघतो, तिथून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरात गुण कमी पडले याचे दुःख तुला आहेच. पण इतके पाठांतर करूनही प्रश्नपत्रिकेतली एकही अभिक्रिया ओळखीची वाटली नाही, हे तुला अधिक लागले आहे असे दिसते. त्याविषयीच सविस्तर लिहितो.

हा विषय खरोखरच कठीण आहे आणि तो कठीण वाटणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. ज्या फ्रेडरिक व्होलरने १८२८ साली अमोनियम सायनेटपासून युरिया तयार करून या शास्त्राला नवे वळण दिले, त्यानेच १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसला लिहिलेल्या पत्रात हा विषय माणसाला वेड लावील असे म्हणून त्याला उष्ण कटिबंधातल्या घनदाट अरण्याची उपमा दिली होती. त्याच्यापुढे संयुगांची नुसती रास होती. ती का तयार होतात हे सांगणारे काहीच हाताशी नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ मध्ये लागला. १९२२ साली कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर वक्र बाणांनी दाखवले, आणि १९३० च्या दशकात ह्यूज व इनगोल्ड यांनी एका गटाची जागा दुसऱ्याने घेण्याच्या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या: एसएन-१, जिच्यात जुना गट आधी सुटतो आणि मग नवा येतो, आणि एसएन-२, जिच्यात दोन्ही एकाच वेळी घडते. मला वाटते, तुझी अडचण नेमकी इथे आहे: तू हा विषय १९२२ च्या आधी जन्मल्यासारखा शिकते आहेस. शेवटची ओळ पाठ करतेस आणि बाण परीक्षेत गुण देतात म्हणून नंतर काढतेस.

एक उदाहरण सावकाश पाहू. विल्यमसनची इथर बनवण्याची पद्धत तुला पाठ असेल: अल्कॉक्साइड आणि अल्किल हॅलाइड एकत्र केले की इथर मिळते. आता टर्शरी-ब्युटिल मिथिल इथर बनवायचे आहे. कागदावर दोन वाटा दिसतात: सोडियम टर्शरी-ब्युटॉक्साइड आणि मिथिल ब्रोमाइड, किंवा सोडियम मेथॉक्साइड आणि टर्शरी-ब्युटिल ब्रोमाइड. पाठ केलेल्या नियमाला दोन्ही सारख्याच आहेत. प्रत्यक्षात पहिलीने इथर मिळते आणि दुसरीने मुख्यतः आयसोब्युटिलीन हा वायू. बाण काढून बघ. मिथिल ब्रोमाइडच्या कार्बनभोवती फक्त हायड्रोजन आहेत, त्यामुळे ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने येऊन त्या कार्बनला सहज जोडली जाते. टर्शरी-ब्युटिल ब्रोमाइडमध्ये मात्र तीन मिथिल गटांनी ती मागची बाजू अडवलेली असते. मेथॉक्साइड हा बळकट बेस, म्हणजे हायड्रोजन ओढून घेणारा, आहे; आत शिरता येत नाही म्हणून तो बाहेरच्या मिथिलवरचा हायड्रोजन उचलतो, त्या बंधातले इलेक्ट्रॉन सरकून दुहेरी बंध होतो आणि ब्रोमाइड निघून जातो. हेच टर्शरी-ब्युटिल ब्रोमाइड बळकट बेस नसताना पाण्यात मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये ठेवले, तर ब्रोमाइड आधी आपणहून सुटतो आणि उरलेल्या धनभारित कार्बनला पाणी किंवा अल्कोहोल येऊन मिळते. म्हणजे ‘टर्शरी-ब्युटिल ब्रोमाइडचे काय होते’ या प्रश्नाला पाठ करण्याजोगे एक उत्तरच नाही. कोणाबरोबर आणि कशात, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नेम रिॲक्शन्सच्या, म्हणजे शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांच्या, याद्या छापणारी गाइडे हे विचारायला शिकवत नाहीत, म्हणून ती वापरू नकोस असे मी आग्रहाने सांगतो.

पाठांतर अजिबात नको असे मात्र नाही. काही पीकेए मूल्ये (आकडा जितका लहान, तितके ॲसिड बळकट) तोंडपाठच हवीत: ॲसिटिक ॲसिड ४.८, कार्बोनिक ॲसिड ६.४, फिनॉल १०, इथेनॉल १६, ॲसिटिलीन २५. एवढ्यावरही पुष्कळ उलगडते. प्रॅक्टिकलला सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात कार्बोक्सिलिक ॲसिड टाकल्यावर बुडबुडे येतात आणि फिनॉल टाकल्यावर येत नाहीत, हे तू निरीक्षणाच्या रकान्यात लिहून पुढे गेली असशील. कार्बोनिक ॲसिडचा आकडा त्या दोघांच्या मधोमध बसतो, हे त्यामागचे कारण आहे. मग पिक्रिक ॲसिड फिनॉल असूनही बुडबुडे का देते, याचा विचार कर. त्याच्यावरचे तीन नायट्रो गट डोळ्यांसमोर ठेव.

तू दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतीस, आणि इंग्रजी पुस्तक वाचताना वाक्य समजले की रसायन समजले असा भास होतो, असे तू लिहिले आहेस. हे निरीक्षण मोलाचे आहे. त्यावर उपाय म्हणून बाण काढताना मोठ्याने मराठीत बोलत जा: ही जोडी इथून निघाली, इथे बसली, म्हणून हा बंध तुटला. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असली तरी विचार इंग्रजीतच करावा असे कोणी सांगितलेले नाही. ज्या ठिकाणी तुझे मराठी वाक्य अडखळेल, त्या ठिकाणी तुझे समजणेही अडलेले असते, आणि ती जागा पुस्तकात पुन्हा उघडून पाहायची असते.

सायक्लोहेक्झेनच्या खुर्चीसारख्या रचना कागदावर बघून कळत नाहीत. मॉडेल सेट मिळाला तर उत्तम. नाही तर मातीचे गोळे आणि काड्या चालतील, फक्त कोन नीट ठेव.

आणि सोडवलेले उत्तर वाचणे म्हणजे अभ्यास समजू नकोस. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर पूर्ण मेकॅनिझम, म्हणजे बाणांसह प्रत्येक पायरी, काढ, मगच ताडून बघ. सुरुवातीला एका प्रश्नाला अर्धा तास लागला तरी घाबरू नकोस. तो वेळ वाया जात नाही.

पुढच्या पत्राआधी एवढे कर. ॲनिसोल हे इथर बनवायला पुन्हा दोन वाटा दिसतील: सोडियम फिनॉक्साइड आणि मिथिल आयोडाइड, किंवा ब्रोमोबेंझीन आणि सोडियम मेथॉक्साइड. नेहमीच्या परिस्थितीत दुसरी वाट इथेही बंद आहे, पण तिचे कारण टर्शरी-ब्युटिलचे नव्हे. ब्रोमीन ज्या कार्बनवर आहे त्याच्या मागे काय आहे ते काढून बघ आणि बाणांसह तुझे उत्तर मला पाठव.

तुझा शुभेच्छुक,
सर